हॉलमधल्या कॉम्प्युटरसाठी टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीला जुना डेस्कटॉप नाहीतर मिनी पीसी जोडून सोफ्यावरून वापरणाऱ्या नागपूरकरांकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोन ठिकाणी आली तर उत्तर एकदाच दिलं आहे, दुसरीकडे फक्त प्रश्नाचा क्रमांक. किमती मुद्दाम लिहिल्या नाहीत. आज लिहिलेली किंमत पुढच्या सेलपर्यंतही टिकत नाही.

१. घरात साधा वायरलेस कीबोर्ड आणि माऊस आहेच. टचपॅडवाला वेगळा कशाला घ्यायचा?

कारण माऊसला टेबल लागतं आणि सोफ्यावर टेबल नसतं. सोफ्याच्या हातावर किंवा दिवाणाच्या चादरीवर माऊस नीट सरकत नाही, मखमली कव्हरवर तर कर्सर उड्या मारतो. मग माऊसखाली वही येते, वही घसरते, आणि मांडीवरचा कीबोर्ड सावरताना चहा कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतोच. टचपॅड कीबोर्डमध्येच असला की एकच वस्तू हातात राहते आणि काम झालं की टीपॉयखाली जाते. पण हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर टेबल-खुर्ची असेल आणि तुम्ही तिथेच बसत असाल, तर पैसे खर्च करू नका. टेबलावर माऊसच बरा.

२. बाजारात तीन-चार आकार दिसतात. नेमका कोणता घ्यावा?

पहिला प्रकार म्हणजे डावीकडे पूर्ण कीबोर्ड आणि उजवीकडे, नंबरपॅड असतो त्या जागी, टचपॅड. लॉजिटेकचा के ४०० प्लस याच घडणीचा. दुसरा लॅपटॉपसारखा, टचपॅड बटणांच्या खाली मध्यभागी. तिसरा रिमोटएवढा, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा. री कंपनीचा आय ८ बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

माझं मत पहिल्या प्रकाराला. सोफ्यावर रेलून बसल्यावर हात कसे पडतात ते बघा. कीबोर्ड दोन्ही हातांनी कडेला धरला की उजवा अंगठा आपोआप टचपॅडवर येतो, आणि डावा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ. के ४०० प्लसला नेमकं त्याच कोपऱ्यात डाव्या क्लिकचं वेगळं बटण दिलं आहे. उजव्या अंगठ्याने कर्सर न्यायचा, डाव्याने क्लिक करायचं. कीबोर्ड मांडीवर टेकवायचीही गरज नाही. हे एक बटण आहे की नाही, हे मी बाकी सगळ्या वैशिष्ट्यांच्या आधी पाहतो. ते नसेल तर टचपॅडवर टिचकी मारून क्लिक करावं लागतं, आणि आडवं पडून टिचकी मारली की कर्सर हमखास हलतो आणि शेजारची लिंक उघडते.

मध्यभागी टचपॅडवाला प्रकार मांडी घालून बसणाऱ्यांना आवडतो, पण टाइप करताना तळहात त्यावर घासतो. रिमोटएवढा घेऊन फक्त सिनेमे शोधायचे असतील तर ठीक. दोन ओळींचा ईमेल लिहायला घेतला की अंगठे कुरकुरतात. मराठी लिहिणाऱ्यांनी तर आधी प्रश्न १० वाचावा.

३. फोनवरच कीबोर्ड-माऊसचं अ‍ॅप मिळतं. तेवढ्यावर भागणार नाही का?

आठवड्यातून एखादा सिनेमा लावण्यापुरतं भागतं. केडीई कनेक्टसारखं अ‍ॅप फुकट आहे. पण फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत, कॉम्प्युटरमध्ये लॉगिन झालेलं हवं, आणि फोन ज्याचा तो भाजी आणायला गेला की घरातले बाकीचे नुसते बसून राहतात.

४. ब्लूटूथवाला घ्यावा की युएसबी रिसीव्हरवाला?

डेस्कटॉप किंवा मिनी पीसीसाठी रिसीव्हरवाला. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच चालतात, त्यामुळे पल्ल्यात फार फरक नाही. फरक कॉम्प्युटर त्यांना ओळखतो कसा, यात आहे. रिसीव्हर, म्हणजे कीबोर्डसोबत येणारा छोटा तुकडा, युएसबीमध्ये लावला की कॉम्प्युटरला तो वायरच्या कीबोर्डसारखाच दिसतो, म्हणून विंडोज सुरू व्हायच्या आधीही, बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंगच्या) पडद्यावर, बटणं चालतात. ब्लूटूथ मात्र बहुतेक वेळा विंडोज किंवा लिनक्स पूर्ण उठल्यावरच जागं होतं. विंडोज नव्याने टाकायची किंवा बायोसमध्ये काही बदलायचं तर ब्लूटूथ कीबोर्डवाल्यांना माळ्यावरून वायरचा कीबोर्ड काढावा लागतो.

शिवाय जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसतंच, आणि बराच वेळ न वापरलेला ब्लूटूथ कीबोर्ड पुन्हा जोडला जायला सेकंद-दोन सेकंद घेतो. तेवढ्यात पहिली अक्षरं गळतात.

तुमच्याकडे कॉम्प्युटर नाहीच, नुसता स्मार्ट टीव्ही आहे, तर गणित वेगळं होतं. ते प्रश्न १७ मध्ये आहे.

५. आमचा हॉल १६ फूट लांब आहे. एवढ्या लांबून चालेल का?

चालेल. बहुतेक कंपन्या १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट पल्ला सांगतात. मोकळ्या जागेतला असला तरी १६ फुटांना तो पुरून उरतो. तरीही अडचण येत असेल तर ती अंतराची नाही, पुढचा प्रश्न बघा.

६. कर्सर मधेच अडकून राहिला आहे, टाइप केलेली अक्षरं गळून राहिली आहेत. कीबोर्ड खराब निघाला का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. दुकानात परत नेण्याआधी एक करून बघा. कीबोर्ड रिसीव्हरपासून हातभर अंतरावर आणून वापरा. तिथे मख्खन चालला तर कीबोर्ड चांगला आहे, रिसीव्हरची जागा चुकली आहे.

आपल्या घरांमध्ये होतं असं: सीपीयू टीव्हीच्या युनिटच्या खालच्या कप्प्यात, रिसीव्हर सीपीयूच्या मागे भिंतीकडे, मध्ये पत्र्याची कॅबिनेट, आणि शेजारीच वायफायचा राउटर. पत्रा लहरी अडवतो आणि राउटरही त्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतो. यावर आणखी एक गोष्ट, जी दुकानदारही क्वचित सांगतात. निळ्या रंगाच्या युएसबी ३ पोर्टमधून डेटा जात असताना त्यातून नेमक्या याच पट्ट्यात विद्युत गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये याबद्दल तांत्रिक टिपणच काढलं होतं. म्हणून सिनेमे भरलेली पोर्टेबल हार्ड डिस्क शेजारच्या पोर्टमध्ये लावली आणि तेव्हापासूनच कर्सर अडखळायला लागला, असा किस्सा वारंवार ऐकू येतो. सिनेमा बंद, हार्ड डिस्क काढली, की कर्सर पुन्हा सरळ.

उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची युएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, काळ्या युएसबी २ पोर्टमध्ये लावा, रिसीव्हर तिच्या टोकाला बसवून टीव्हीच्या खालच्या कडेला, सोफ्यावरून दिसेल असा चिकटवून टाका. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर कॉम्प्युटर त्या नेटवर्कवर न्या. एवढं करूनही हातभर अंतरावर अक्षरं गळत असतील तर सेल बदलून पाहा, आणि मगच बिल शोधा.

७. कर्सर अडकत नाही, पण बोटाच्या मागून रेंगाळत येतो. यालाही एक्स्टेन्शन वायरच का?

नाही, इथे दोषी टीव्ही असतो. चित्र गुळगुळीत करण्यासाठी टीव्ही प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. सिनेमा बघताना ते कळत नाही, कर्सर हलवताना लगेच कळतं. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' किंवा काही टीव्हींत 'पीसी मोड' असतो, कॉम्प्युटर लावलेल्या एचडीएमआयपुरता तो चालू करा. खात्री हवी असेल तर वायरचा माऊस लावून बघा. तोही रेंगाळत असेल तर वायरलेसचा काहीच संबंध नाही.

८. उन्हाळ्यात कूलरसमोर बसलं की टचपॅड वेड्यासारखा वागतो. काहून?

टचपॅडला बोट कळतं ते बोटामुळे पृष्ठभागावरच्या विद्युत धारकतेत होणाऱ्या बदलामुळे. पाण्याच्या थेंबानेही तसाच बदल होतो. कूलरची दमट हवा, घामेजलेलं बोट, आणि कूलर नुकताच भरला असेल तर वाळ्याच्या ताट्यांमधून उडणारे तुषार, सगळं टचपॅडवर जमतं आणि कर्सर आपल्या मनाने फिरतो. कोरड्या सुती कापडाने टचपॅड पुसा, बोटही पुसा, आणि कीबोर्ड कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. तर्री-पोह्यांच्या बोटांनीही हेच होतं, फक्त तेल निघायला जास्त त्रास देतं. त्यासाठी कीबोर्ड बंद करून, कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं. थेट कीबोर्डवर काहीही शिंपडायचं नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कीबोर्ड खिडकीच्या कट्ट्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. सेलवाला असेल तर उष्णतेने सेल गळतात, चार्जिंगवाला असेल तर त्याची लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

९. सेल किती दिवस टिकतात? रिचार्जेबल सेल चालतात का?

के ४०० प्लसला दोन एए सेल लागतात आणि कंपनी १८ महिन्यांचा दावा करते. रोज तासन्तास वापरणाऱ्याने एवढी आशा धरू नये, पण सेल वर्षातून फार वेळा बदलावे लागत नाहीत. रिचार्जेबल सेल चालतात. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असल्याने बॅटरीचा आकडा कमी दिसू शकतो, घाबरू नका. नवा-जुना सेल जोडीने घालू नका, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी जात असाल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलचा पांढरा क्षार स्प्रिंगवर चढला की अनेकदा कीबोर्डच जातो.

१०. मला हॉलमधल्या कॉम्प्युटरवर मराठीही लिहायचं आहे. कोणताही कीबोर्ड चालेल ना?

इंग्रजीसाठी कोणताही चालेल. मराठीसाठी तुम्ही कोणत्या पद्धतीने लिहिता यावर आहे.

फोनेटिकने, म्हणजे इंग्रजी अक्षरांत 'namaskar'च्या धर्तीवर टाइप करून लिहीत असाल, तर लहान कीबोर्डवरही काम होतं, कारण मुख्यतः अक्षरांचीच बटणं लागतात. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच मिळतं. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा घालून तिच्या पर्यायांत कीबोर्ड निवडायचा, आणि विंडोज बटण व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलायची.

इन्स्क्रिप्टने, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराचं बटण ठरलेल्या मांडणीने, लिहिणाऱ्यांनी मात्र पैसे देण्याआधी कीबोर्डचा फोटो मोठा करून पाहावा. इन्स्क्रिप्टमध्ये च अर्धविरामाच्या बटणावर आहे, ट त्याच्या शेजारी अवतरणचिन्हावर, ड चौकटी कंसाच्या डाव्या बटणावर, य तिरप्या रेघेवर, आणि 'डॉक्टर', 'ऑफिस' यांतला ॉ उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर. म्हणजे मराठीतली रोजची अक्षरं नेमकी उजव्या कडेच्या त्या बटणांवर बसली आहेत, ज्यांना लहान कीबोर्डवाले सगळ्यात आधी कात्री लावतात. रिमोटएवढ्या कीबोर्डवर यांतली काही बटणं एफएन (फंक्शन) बटण दाबल्याशिवाय मिळत नाहीत. 'चटकन' लिहायला घेतलं आणि प्रत्येक अक्षराला दोन बटणं दाबावी लागली, की माणूस रोमन लिपीत मराठी लिहायला लागतो.

तेव्हा पाहायचं ते असं: 'एल'च्या उजवीकडे दोन बटणं, 'पी'च्या उजवीकडे कंसांची दोन, तिरपी रेघ आणि उलटी तिरपी रेघ, ही सहाही स्वतंत्र आणि नेहमीच्या जागी आहेत ना. उजवीकडचा शिफ्टही नीट लांब हवा. ळसाठी शिफ्टबरोबर एन दाबावं लागतं, आणि तोकडा शिफ्ट शोधताना बोट बाणाच्या बटणावर जातं. टायपिंगच्या परीक्षेचा सराव मात्र यांतल्या कशावरही करू नका. बटणांचं अंतर वेगळं असल्याने हात बिघडतो.

११. रात्री लाइट बंद करून सिनेमा बघतो, बटणं दिसत नाहीत. बॅकलाइटवाला घ्यावा का?

घ्यावा, पण चार्जिंगवाला. दिवे बॅटरी खातात, म्हणून बॅकलाइटवाले कीबोर्ड बहुधा आतल्या बॅटरीवर चालतात आणि दर काही दिवसांनी वायरला लावावे लागतात. घरातल्या वयस्कर माणसांसाठी मागत असाल तर दिव्यापेक्षा मोठ्या ठळक अक्षरांचे स्टिकर जास्त उपयोगी पडतात. मराठी अक्षरांचेही मिळतात.

१२. आवाज वाढवायचं बटण दाबलं तरी टीव्हीच्या पट्टीवर आवाज वाढत नाही.

ते बटण कॉम्प्युटरचा आवाज बदलतं, टीव्हीचा नाही. टीव्हीला एचडीएमआयवरून आज्ञा देणारी सीईसी नावाची सोय असते, पण बहुतेक पीसींचे ग्राफिक्स कार्ड ती पाठवतच नाहीत. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पाठवतो. साध्या पीसीवाल्यांनी टीव्हीचा आवाज एकदा वरच्या पातळीवर ठेवून द्यावा आणि पुढे कीबोर्डवरूनच कमी-जास्त करावा. टीव्ही चालू-बंद करायला रिमोट लागतोच.

१३. सोफ्यावरून उठायचं नाही. कीबोर्डवरूनच कॉम्प्युटर चालू होईल का?

स्लीपमधून जागा होईल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे पॉवर मॅनेजमेंट, आणि कॉम्प्युटर जागा करण्याच्या परवानगीच्या चौकटीत खूण. त्याच वेळी माऊसच्या यादीत जाऊन त्या रिसीव्हरच्या नोंदीवरची तीच खूण काढून टाका. नाहीतर रात्री कोणी टचपॅडवर बसलं की हॉलमध्ये कॉम्प्युटर आपोआप जागा होतो. पूर्ण शटडाउन झालेला कॉम्प्युटर मात्र सहसा उठत नाही. काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये तशी सोय असते, आणि तीही रिसीव्हरला बंद अवस्थेत वीज मिळत असेल तरच. रोज शटडाउन करायची सवय असेल तर ती सोडून स्लीप वापरा.

१४. एफ ५ दाबलं की पान ताजं होण्याऐवजी भलतंच काहीतरी होतं.

या कीबोर्डांवर वरच्या रांगेला आधी मीडियाची कामं आणि मग एफ १ ते एफ १२ दिलेले असतात. एफएन धरून दाबा. कायमचं उलटं करायचं तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवर लॉजिटेकसाठी सोलार नावाचा प्रोग्राम आहे.

१५. बर्डीतून (सीताबर्डीच्या बाजारातून) घ्यावा की ऑनलाइन? घेताना काय तपासायचं?

पहिला कीबोर्ड असेल तर बर्डीतून. मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये कॉम्प्युटरची दुकानं आहेत, संध्याकाळची गर्दी टाळून दुपारी जा. दुकानात उभं राहूनच, कीबोर्ड दोन्ही हातांत धरून, अंगठ्याने क्लिक करून बघा. फोटोवरून हे कळत नाही. नेमकं मॉडेल ठरलेलं असेल तर ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, मात्र परत करायची मुदत आधी वाचा.

वायरलेस कीबोर्ड भारतात बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, सक्तीच्या नोंदणीत येतात. खोक्यावर किंवा कीबोर्डच्या पाठीवर मानकाचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. आयात माल असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी. 'भाऊ, बिलाशिवाय स्वस्त देतो' असं ऐकलं तर हसून नाही म्हणा, वॉरंटी बिलावरच मिळते. आणि खोकं उघडल्यावर रिसीव्हर आहे का ते तिथेच पाहा. तो पुष्कळदा सेलच्या कप्प्यात खोचलेला असतो आणि घाईत खोक्यासकट फेकला जातो.

१६. रिसीव्हर हरवला. नुसता रिसीव्हर मिळतो का?

लॉजिटेकच्या युनिफाइंग प्रकारचा असेल, त्यावर छोटं नारिंगी फुलासारखं चिन्ह असतं, तर दुसरा युनिफाइंग रिसीव्हर घेऊन सॉफ्टवेअरने जोडता येतो. एका रिसीव्हरवर सहा उपकरणं बसतात, त्यामुळे घरात त्याच जातीच्या माऊसचा रिसीव्हर असेल तर वेगळा घ्यायचीही गरज नाही. त्यांचा नवा बोल्ट रिसीव्हर मात्र युनिफाइंग कीबोर्डला चालत नाही. स्वस्त कीबोर्डची जोडी सहसा कारखान्यातच बांधलेली असते. रिसीव्हर गेला की कीबोर्ड ई-कचऱ्यात.

१७. कॉम्प्युटर नको, थेट स्मार्ट टीव्हीलाच जोडायचा आहे.

अँड्रॉइड किंवा गूगल टीव्हीला बहुतेक ब्लूटूथ आणि रिसीव्हरवाले कीबोर्ड जोडले जातात, टाइपही होतं. टचपॅडचं मात्र सांगता येत नाही. टीव्हीची अ‍ॅप रिमोटच्या बाणांसाठी बनवलेली असतात, त्यामुळे पडद्यावर कर्सर दिसला तरी सगळी अ‍ॅप त्याला दाद देत नाहीत. फक्त स्मार्ट टीव्हीसाठी घेत असाल तर बाणाची बटणं मोठी आणि वेगळी असलेला घ्या, टचपॅडसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

१८. फ्लॅट स्कीममध्ये भिंतीला भिंत आहे. शेजारचा आपला पासवर्ड पकडू शकतो का?

चांगल्या कंपनीच्या कीबोर्डमध्ये बटणांची माहिती एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, जाते. युनिफाइंगमध्ये १२८ बिटचं एईएस एन्क्रिप्शन वापरलं आहे. पण सगळे कीबोर्ड असे नसतात. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की काही स्वस्त कीबोर्ड उघड्यावरच माहिती पाठवतात आणि ती दूरवरून वाचता येते. त्याच वर्षी त्यांनी माऊसजॅक नावाची त्रुटीही मांडली. त्यात बाहेरचा माणूस रिसीव्हरला खोटी बटणं दाबल्याचं भासवू शकत होता, आणि ती नामांकित कंपन्यांच्या रिसीव्हरमध्येही होती. लॉजिटेकने त्यासाठी फर्मवेअर अपडेट दिलं. जुना रिसीव्हर वापरत असाल तर तो अपडेट करून घ्या. खोक्यावर एन्क्रिप्शनचा उल्लेखच नसलेल्या कीबोर्डवरून यूट्यूब खुशाल शोधा, बँकेचा पासवर्ड टाकू नका.

१९. मी डावखुरा आहे. टचपॅड डावीकडे असलेला मिळतो का?

सहजासहजी नाही. मध्यभागी टचपॅडवाला (प्रश्न २ मधला दुसरा प्रकार) तुम्हाला सगळ्यात सोयीचा. विंडोजमध्ये माऊसची डावी-उजवी बटणं बदलता येतात, पण के ४०० प्लससारखा कीबोर्ड घेतलात तर ती बदलू नका. कोपऱ्यातलं क्लिकचं बटण डाव्या हाताखालीच आहे, बटणं बदलली तर ते उजव्या क्लिकचं काम करेल.